मापवहीतले ठिपके

९ जानेवारी

भाऊजी,

त्या सकाळी मी नेहमीसारखी आधी फरशीवरच्या चिंध्या झाडल्या, लोहचुंबक फिरवून टाचण्या उचलल्या, चार बॉबिना भरल्या आणि इस्त्री तापत ठेवली. हे कटिंगच्या टेबलाशी खडू हातात धरून उभे होते. ट्रायलच्या आरशावरचा कपडा काढता काढता मी म्हणाले, "सकाळी सकाळी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून उभे राहू नका, आता गिऱ्हाईक येईल." तर म्हणाले, "मी हसतोय गं." मला वाटलं, टोमणा मारतायत. त्या दिवशी दुपारपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमच्या डोळ्यांदेखत माझा भाऊ संपला, तुम्हाला काय दिसत होतं?" त्याचं हे उत्तर. मला तोंड दिसत होतं. त्या तोंडाशी मी दोन वर्षं भांडले. ते हसत होते, पण हसू चेहऱ्यापर्यंत पोचत नव्हतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. उजवा खांदा आखडला तेव्हा डॉक्टरांनी शेक सांगितला. मी वर्षभर शेकला. दूध करपून धूर झाला तरी ते पातेल्याशेजारी बसून राहायचे; मी म्हणायची, लक्ष कुठंय? या दुखण्याला लोक कंपवात म्हणतात, म्हणून सगळे कंपाची वाट बघत बसले. यांचा हात शेवटपर्यंत थरथरला नाही. पार्किन्सन आहे हे ठरलं तेव्हा शर्टाची बटणं मला लावावी लागत होती.

ते गेल्यावर मी वाचायला लागले. वाचनालयातून जाड पुस्तकं आणली, शब्दकोश जवळ घेऊन बसले. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला एक पान वाचायला दोन दिवस लागतात. लागू देत. जाऊन चौदा महिने झाले, माझ्याकडे दिवसच दिवस आहेत.

आता तुमची मागणी. मामंजींची कात्री पाठवते आहे, ती तुमची. मापवही मिळणार नाही. बत्तीस वर्षं तुम्ही दोघं एक जानेवारीला एकमेकांचं माप घ्यायचात आणि एकमेकांचा कोट कापायचात, कारण शिंप्यानं स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही असं मामंजींचं म्हणणं. त्यात यांची मापं तुमच्या अक्षरात आहेत. माझ्याकडे यांचं शरीर एवढंच उरलंय, इंचांमध्ये. दुखणं कळलं त्या वर्षापासून तुम्ही या घराची पायरी चढला नाहीत. आता वही कशाला हवी?

वहिनी

*

२१ जानेवारी

वहिनी,

कात्री मिळाली. तिची धार घालवलीत. बाबांच्या कात्रीनं तुम्ही कागद कापले असणार, दुसरं काय? कापड मध्येच चावते. आमचा म्हातारा कारागीर म्हणतो, लोण्यासारखी चालते. तोही आता तुमच्याच पक्षात.

मी पत्र लिहितो कारण फोनवर तुम्ही "काय? काय? मोठ्यानं बोला" करत बसता. ऐकायचं नसेल तर तसं सांगा. इथेही तीच तऱ्हा. धाकटीला, तुमच्या जावेला, हाक मारली तर ती दुसऱ्या खोलीतून म्हणते, "हाक मारलीत?" सगळ्या जगाचे कान एकदम गेलेत.

वहीबद्दल. ती आमच्या धंद्याची आहे. तुम्ही या घरात बटणं लावलीत, काजं केलीत, तुरपाई केलीत, कोणी नाही म्हणत नाही. पण कात्री कधी हातात घेतली नाहीत, फीत कधी कोणाच्या अंगाला लावली नाहीत. त्या वहीतल्या खुणा तुम्हाला कळायच्या नाहीत. बाबांनी त्या आम्हा दोघांनाच शिकवल्या. बंद ठेवून तुम्ही तिचं काय करणार, लोणचं?

आणि खरं सांगू? दादाचं तोंड दुखण्यानं पडलं नव्हतं, तुमच्या जिभेनं पडलं होतं. आता पुस्तकं वाचून त्याला नावं देताय.

जास्त लिहायला वेळ नाही. लोकरीचा एक कोट जळला, गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय. धाकटी आणि कारागीर दोघंही म्हणतात, इस्त्री मी धरली होती. मी इस्त्रीपाशीच उभा होतो हे खरं. पण लोकर जळली असती तर मला वास नसता आला? चाळीस वर्षं या नाकानं मी डाग पडायच्या आधी इस्त्री उचलली आहे. वही पाठवा.

तुमचा दीर

*

४ फेब्रुवारी

भाऊजी,

खुणा कळल्या.

तुम्ही डिवचलं नसतंत तर मी त्या पानांकडे नुसती बघत राहिले असते. दुकानाच्या काचेमागे वही घेऊन आठ दिवस बसले. वहीतली निम्मी माणसं अजून या रस्त्यानं जातात. पोक काढून चालणारे शाळामास्तर गेले, त्यांचं पान काढलं: पाठीच्या मापापुढे एक तिरकी रेघ. पोती वाहणारा हमाल गेला, त्याचं पान काढलं: उजव्या खांद्यापुढे ठिपका. लंगडणाऱ्या टपालवाल्याच्या कमरेपुढे छोटी फुली. अंगाचा दोष शब्दात लिहायचा नाही, गिऱ्हाईकाच्या नजरेला पडेल, म्हणून या खुणा. मामंजी हुशार होते. पण मीही चाळीस वर्षं या माणसांची बटणं लावली आहेत. कोण कुठे वाकलंय ते मला पाठ आहे.

मग यांचं पान उघडलं.

अकरा वर्षांपूर्वी, एक जानेवारी: उजव्या खांद्यापुढे एक ठिपका. पुढच्या वर्षी एक, पण गडद. त्याच्या पुढच्या वर्षी दोन. मग उजवी बाही अर्धा इंच वाढवलेली, कारण कोपर सरळ राहत नव्हतं. मग तिरकी रेघ. पाठ पाऊण इंच लांब, पुढा तेवढाच आखूड. सगळं तुमच्या अक्षरात. पुस्तकात ज्याला सुरुवातीची लक्षणं म्हणतात ती तुम्ही पाच वर्षं ओळीनं लिहून ठेवलीत, पाव पाव इंचाच्या हिशेबात. एवढा बारीक तपास तर डॉक्टरांनीही ठेवला नव्हता.

आणि लिहून काय केलंत? उजव्या खांद्यात गादी भरलीत. पाठ मागून सोडलीत. वाकलेल्या माणसाचा कोट सरळ बसवलात.

मला विचारता काय दिसत होतं. मला कोट दिसत होता, भाऊजी. तुम्ही शिवलेला.

तुमचंही पान बघितलं. शेवटचं माप सहा वर्षांपूर्वीचं, यांनी घेतलेलं. डाव्या खांद्यापुढे एक ठिपका. बारीक, पण आहे. त्या वर्षीचा कोट तुमच्या अंगात अजून असेल तर डावा खांदा उसवून बघा, आत गादी सापडेल. तुम्ही यांना सरळ करत होतात, हे तुम्हाला.

ते पान बघून तुमचं पत्र पुन्हा वाचलं. कात्री चावते, पण कारागिराच्या हातात चावत नाही. सगळं जग बहिरं झालंय. लोकर जळली आणि तुम्हाला वास आला नाही.

एकच विचारते. जळका वास तुम्हाला शेवटचा कधी आला? प्रश्न वाचून नाकाला मिरच्या झोंबतील. झोंबू देत. नाक शाबूत आहे की नाही तेवढं तरी कळेल.

वहिनी

*

१३ फेब्रुवारी

वहिनी,

बटणं लावणाऱ्या बाईनं मला माझं अंग शिकवू नये.

तुम्हाला आमच्या घरातलं काहीच कळलेलं नाही. बाबा म्हणायचे, गिऱ्हाईकाला त्याचं अंग सांगायचं नाही. अंग त्याचं, कोट आपला. माणूस आरशासमोर उभा राहिला की त्याला सरळ वाटलं पाहिजे. ते काम आपलं. बाबांनी पाठीवर मोठं आवाळू असलेल्या माणसाचा लग्नाचा कोट शिवला होता, त्याच्या बायकोला आवाळू लग्नानंतर कळलं. हा आमचा धंदा. फीत गळ्यात असली की समोर भाऊ नसतो, गिऱ्हाईक असतं. मी जे केलं ते शिंप्यानं करायचं तेच केलं.

आणि माझ्याबद्दल. माझा हात थरथरत नाही. हे पत्र बघा, ओळ सरळ आहे. गिऱ्हाइकं आल्या आल्या विचारतात, "मास्तर, आज रागात?" तर मी म्हणतो, असणारच, माझी वहिनीच तशी आहे. खांदा दुखतो तो चाळीस वर्षं कापड कापल्यानं. तुम्ही दादाला पुस्तकात शोधलंत, आता मला शोधू नका. धाकटीनं तुम्हाला काही कळवलं असेल तर तेही खोटं.

वही पाठवा, नाहीतर मी घ्यायला येईन.

तुमचा दीर

(याच पाकिटात, दुमडलेल्या बिलाच्या पाठीवर)

ताई, पाकीट मीच चिकटवते म्हणून ही चिठ्ठी आत सारते आहे. मी तुम्हाला काहीही कळवलेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. आपलं कधी जमलं नाही आणि मला आता जमवायचंही नाही. पण तुमचं पत्र मी चोरून वाचलं. हे झोपेत ओरडतात, कोणाशी तरी मारामारी करतात. गेल्या महिन्यात माझी करंगळी मोडली. डॉक्टरांना मी सांगितलं, दारात सापडली. सकाळी यांना काही आठवत नाही, उलट विचारतात, बोटाला काय झालं? माझ्या हाताला चव राहिली नाही म्हणून रोज ताट सरकवतात. चालताना डावा हात अंगाला शिवल्यासारखा असतो. भाऊजींना मारलंत तुम्ही, असं मी चार लोकांत बोलले आहे. ते परत घेत नाही. पण यांना काय होतंय ते मला सांगा. — धाकटी

*

२५ फेब्रुवारी

भाऊजी,

धाकटीनं मला काही कळवलेलं नाही. ती मला पाण्यात बघते हे तुम्हाला माहीत आहे.

मी डॉक्टर नाही. वास सर्दीनंही जातो. खांदा कामानंही दुखतो. आवाज वयानं बसतो. झोपेत माणसं ओरडतात. तुमच्या अक्षराबद्दल तर मी बोलतच नाही, ते पहिल्यापासून मुंगीएवढं. यातलं एकेक घेऊन आलात तर मीही म्हणेन, शेकत बसा. पण हे सगळं एका माणसात, एकाच बाजूला, वर्षावर वर्षं वाढत असेल तर ते मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं असतं. कंपाची वाट बघायची नसते. तेवढं मी दोन दोन दिवसांना एक पान वाचून शिकले.

औषधानं हे दुखणं जात नाही, हेही वाचलं. पण हात चालतो, पाय चालतो, बरीच वर्षं माणूस स्वतःची बटणं स्वतः लावतो. यांची ती वर्षं गेली. कुठे गेली ते मला आता माहीत आहे. तुम्ही भरलेल्या गादीत.

म्हणून आता माझी अट ऐका. वही हवी आहे ना? मग माप द्या. कोटावर नाही, बंडीवर. फीत मी धरणार. जे दिसेल ते ठिपक्यात नाही, शब्दात लिहिणार आणि तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवणार. मग वही ठेवा, जाळा, तिचं लोणचं घाला.

तुम्हाला जमणार नसेल तर पुन्हा पत्र पाठवू नका. एका शिंप्याला मी सरळ कोटात वाकताना बघितलं. दुसऱ्याला बघणार नाही. तेवढं माझं तुमच्यावर प्रेम नाही.

वहिनी

*

२४ मार्च

वहिनी,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहायचं नव्हतं.

गेल्या रविवारी दुकान बंद होतं. दादानं कापलेला शेवटचा कोट घातला आणि ट्रायलच्या आरशासमोर उभा राहिलो. सरळ बसला. दादासारखा हात होणार नाही कोणाचा. मग डावा खांदा उसवला. टाका त्याचाच, ओळखला. आत गादी निघाली, तीन पदरी.

मग कोट काढला आणि बंडीवर उभा राहिलो. चाळीस वर्षं त्या आरशासमोर मी दुसऱ्यांना उभं केलं आहे. त्यात मी कसा दिसतो ते मला माहीत नव्हतं. काय दिसलं ते लिहीत नाही. तुम्ही लिहाल म्हणता, मग मी कशाला?

तुम्ही म्हणता, मला दिसलं होतं. दिसलं होतं. पहिला ठिपका घातला तेव्हा वाटलं, वय. दोन घातले तेव्हा तसं वाटलं नाही. शेवटच्या वर्षी सांगायचं ठरवून आलो होतो, शपथ घेऊन सांगतो. पण तो नवा कोट घालून आरशात बघून म्हणाला, "बघ, अजून सरळ आहे मी." आता मी काय सांगणार होतो? टाचण्या तोंडात धरल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या.

त्याच वर्षी तुमच्याकडून कळलं, काय दुखणं आहे ते. त्यानंतर मी आलो नाही. तुम्हाला वाटलं हात झटकले. मला त्याच्यासमोर उभं राहवत नव्हतं. वही मागत होतो ती ती पानं फाडायला.

आता कळलं ना? म्हणून माझा तुमच्यावरचा राग कमी झाला असं समजू नका. त्याच्या तोंडावरून तुम्ही त्याला जे बोललात ते मी या कानांनी ऐकलंय, आणि ते कान अजून ठीक आहेत.

स्वतःचं माप स्वतः घेता येत नाही. येणार असलात तर स्वतःची फीत आणा. माझी ताणून ताणून अर्धा इंच खोटी झाली आहे.

तुमचा दीर

*

३१ मार्च

भाऊजी,

तुम्ही दहा जणांना दहा प्रकारे सांगाल, म्हणून परवा जे झालं ते लिहून पाठवते.

तुम्ही दुकानाचं दार उघडलंत, "या" म्हणाला नाहीत. धाकटीनं पाणी दिलं, तेही तोंड फिरवून. मी पिशवीतून फीत काढली तर तुम्ही म्हणालात, "उलटी धरलीत." खरंच उलटी धरली होती. सुलटी केली. तुम्ही म्हणालात, "बोट मध्ये घालू नका, ढिलं माप येतं." मी म्हणाले, "बटणं लावणाऱ्या बाईकडून एवढंच येतं, श्वास सोडा." म्हातारा कारागीर हसला, त्याला तुम्ही बाहेर काढलंत. काढताना काय म्हणालात ते त्याला ऐकू गेलं नाही, दोनदा सांगावं लागलं. तेही मी लिहिलंय.

वाचून दाखवलं तसंच इथे देते. डावा खांदा पाऊण इंच खाली. डावं कोपर पूर्ण सरळ होत नाही. पाठ सहा वर्षांत एक इंच लांब, पुढा एक इंच आखूड. आरशापासून दारापर्यंत चालवलं, डावा हात हलला नाही. आवाज दारापर्यंत पोचत नाही. इस्त्रीखाली लोकरीची चिंधी धरली, धूर निघाला. डोळे मिटून उभे होतात, वास आला नाही.

वाचून झालं तेव्हा तुमच्या तोंडावरची रेषसुद्धा हलली नव्हती. ते तोंड मला माहीत आहे. मी त्याच तोंडाशी दोन वर्षं भांडले आहे. या वेळी तोंडावर विश्वास ठेवला नाही. विचारलं, "रागावलात?"

तुम्ही म्हणालात, "नाही. घाबरलोय."

धाकटी हातातलं भांडं खाली ठेवून तिथेच बसली. तिची करंगळी तेव्हा तुम्ही नीट बघितलीत. मग म्हणालात, "झालं ना मनासारखं? वही ठेवा आणि चालू पडा." मी ठेवली नाही. शब्द दिला होता, तो मोडला. त्याबद्दल पुढच्या पत्रात हव्या तेवढ्या शिव्या लिहा, मोठ्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दुकानात गेल्यावर मी धाकटीला घेऊन तुमच्या गावातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले, मापवही त्यांच्या टेबलावर दोघा भावांची पानं काढून उघडी ठेवली, खुणांचे अर्थ सांगितले, आणि नऊ तारखेची सकाळी साडेदहाची वेळ घेतली.

वहिनी